बोरू, टाक आणि कातीव लेखणी

आपल्या भाषेत ‘बोरूबहाद्दर’ हा शब्द काहीसा हिणवून वापरला जातो. तलवार सोडून लेखणी चालविणारा हा कसला शूर, असा त्यातला भाव. परंतु मराठ्यांच्या राज्याचा जो विश्वासार्ह इतिहास आज आपल्या हाती आहे, त्याचा मोठा भाग याच बहाद्दरांनी लिहून ठेविलेल्या कागदांतून आलेला आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील एखादा रुमाल ज्याने सोडून पाहिला असेल, त्यास हे पटवून द्यावे लागणार नाही. त्या कागदांत काय लिहिले आहे याची चर्चा आपण पुष्कळ करतो. ते कशाने लिहिले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

समर्थ रामदासांना हा प्रश्न क्षुल्लक वाटला नव्हता. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. निरनिराळ्या देशींचे बोरू आणावेत, अक्षर सारखे यावे, कागदाच्या भोवती जागा सोडावी म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, इतक्या बारकाव्यात हा विरक्त पुरुष शिरतो. ग्रंथ टिकला पाहिजे ही तळमळ त्यामागे आहे.

बोरू करणे दिसते सोपे. वाळलेला सरळ नळ घ्यावयाचा, धारदार चाकूने एक बाजू तासावयाची, मध्ये चीर पाडून टोक तिरपे छाटावयाचे. पण छाट किंचित चुकला की अक्षराचे वळण गेलेच! त्या तिरप्या टोकामुळे एकच रेघ एका दिशेने जाड व दुसऱ्या दिशेने बारीक उमटते, आणि हात न उचलता धावणाऱ्या मोडीला तिचा डौल त्यातूनच लाभतो. पुढे इंग्रजी अमलात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतील पोलादी निबे आली, लाकडी दांडीला निब लावलेला टाक कारकुनाच्या हाती आला, आणि मोडी बारीक व किरटी झाली. जाणकार शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन मोडी वेगळी ओळखतात ती अक्षराच्या घडणीवरून. आणि त्या घडणीत लेखणीचा वाटा मोठा आहे.

आता लाकडाकडे येऊ. ‘कातीव’ हे विशेषण आपण देखण्या नाकाला सहज लावतो. त्यामागचा कातारी मात्र आपल्या ध्यानात नसतो. पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे, सोंगट्या ही त्याची कामे. जुन्या सांगाड्यावर एकजण दोरी पुढे-मागे ओढी, दुसरा फिरत्या लाकडाला पटाशी लावी. लाकूड उलट फिरे तेव्हा हत्यार मागे घ्यावयाचे. अर्धे काम थांबण्याचेच! मग लाखेची कांडी त्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढे, आणि केवड्याच्या पानाने घासून तिला झळाळी येई. सावंतवाडीची रंगीत खेळणी याच रीतीची.

गुळगुळीत लाकडाची किंमत सोलापूरकरांस मी काय सांगावी? धोट्याला एक कुसळ राहिले तरी ताणा तुटतो, हे येथील विणकराच्या घरातले पोरही जाणते.

शाई पोटात बाळगणाऱ्या पेनाला वॉटरमनने 1884 साली अमेरिकेत पेटंट मिळविले. आपल्याकडे गांधीजींच्या स्वदेशीच्या प्रेरणेने राजमहेंद्री येथे 1932 साली रत्नम यांनी पेन घडविले, व 1935 मध्ये गांधीजींनी त्याबद्दल पसंतीचे पत्र धाडले. ते पेन एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचे. पण घडण लेथवरचीच.

लाकडाचेच पेन करणारे हौशी कारागीर आज आहेत. शिसव तर ते घेतातच, पण चिंचेचा काळपट जांभळा गाभा व बाभळीचा तांबूस गाभाही कातून पाहतात. बाभळीचा डिंक पूर्वी शाईत पडे. आता तिचे लाकूड लेखणी होते, हा योग मला गमतीचा वाटतो. अडचण एवढीच की लाकूड शाई पिते व फुगते. म्हणून ते पुरते वाळवावे लागते, आत पितळेची नळी किंवा एबोनाइटचे अस्तर द्यावे लागते. वरून क्रमाक्रमाने बारीक होत जाणारा काचकागद, आणि शेवटी स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्या लाखेचे पातळ हात. एक वाळल्यावाचून दुसरा नाही. येथे घाई केली की पृष्ठभाग ढगाळतो.

अशा पेनांचे मला कौतुक आहे. तथापि माझी चिंता वेगळी आहे. मोडीचे असंख्य कागद अद्याप न वाचलेले पडून आहेत, आणि मोडी शिकू पाहणाऱ्या तरुणाच्या हाती आपण पहिल्या दिवशी बॉलपेन देतो. जी जाड-बारीक रेघ त्याच्या हाताने कधी काढली नाही, ती जीर्ण कागदावर त्याच्या डोळ्यांनी कशी ओळखावी? मोडीचे वर्ग चालविणाऱ्यांनी पहिला तास बाराखडीला न देता एक चाकू, एक नळ आणि थोडी शाई यांना द्यावा. दोन-चार बोरू फुकट जातील, बोटे काळी होतील. जाऊ द्यावेत, होऊ द्यावीत.