स्तनकर्करोग, कौटुंबिक

रक्ताच्या नात्यात वारंवार, बहुधा कमी वयात आढळणारा स्तनाचा कर्करोग. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या माहेरच्या अनेक पिढ्यांतील कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. कारण मात्र सव्वाशे वर्षांनी हाती लागले. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये १७व्या गुणसूत्रावर संबंधित जनुकाची जागा दाखवली. बीआरसीए-१ हे ते जनुक १९९४ मध्ये ओळखले गेले आणि पाठोपाठ १३व्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२. ही जनुके डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. त्यांत दोष असल्यास स्तन आणि बीजांडकोश या दोन्हींच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

घरात एखादीला हा आजार झाला की मुली-बहिणींना आपलीही पाळी ठरल्यासारखी वाटते. ते खरे नाही. स्तनकर्करोगाच्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहाच रुग्णांत तो आनुवंशिक असतो. सदोष जनुक आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांचे आजार मावशी-आजीइतकेच महत्त्वाचे. आपल्याकडे नेमके तेच विचारायचे राहून जाते. मुलींची लग्ने अडतील या भीतीने आजार लपवणाऱ्या घरांत तर पुढच्या पिढीचा सावध होण्याचा हक्कच हिरावला जातो. कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला, एवढे तरी घरात लिहून ठेवलेले असावे.

जनुकतपासणी शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीपासून सुरू करतात. तिच्यात दोष सापडला तर नातेवाइकांत नेमका तोच शोधता येतो, आणि ज्यांच्यात तो नसतो त्यांच्या मनावरचे मोठे ओझे उतरते. तपासणीपूर्वी व नंतर आनुवंशिकी समुपदेशन आवश्यक असते. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत त्यासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. काही वेळा अहवालात अर्थ अनिश्चित असलेला बदल येतो. केवळ त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

दोष असलेल्या स्त्रियांना साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचे एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफीही सुचवतात. दोन्ही स्तन काढण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटवते. अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी २०१३ मध्ये आपल्या अशा शस्त्रक्रियेविषयी जाहीरपणे लिहिले. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मात्र खात्रीची चाळणी तपासणी नसल्याने, मुले झाल्यावर बीजांडकोश व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो. बीआरसीए-१ मध्ये दोष असल्यास या शस्त्रक्रियेचे वय ३५ ते ४० मानतात.