धातूची सावली आणि हृदयाचे चित्र

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात वाहनांचे असंख्य सुटे भाग तयार होतात. ओतीव भागाच्या पोटात पोकळी राहिली आहे का, हे तो न कापता पाहण्याचा एक मार्ग म्हणजे क्ष-किरण. याच चाकणला फिलिप्स कंपनी रुग्णालयांसाठी क्ष-किरण यंत्रेही बनवते. कारखान्यात धातूच पाहायचा असतो. रुग्णालयात मात्र तो आड येतो. छातीत पेसमेकर असलेल्या रुग्णाच्या सीटी चित्रात उपकरणाभोवती काळे-पांढरे पट्टे उमटतात. ते शरीरात नसतात. मग येतात कोठून?

निरनिराळ्या दिशांनी घेतलेल्या बेरजांवरून मूळ आकृती परत मिळवता येते, हे योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ साली सिद्ध केले. त्यावर आधारलेले नसले तरी त्याच तत्त्वाचे यंत्र गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी इंग्लंडमध्ये बांधले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र मिळाले. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी हे गणित झपाट्याने सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यातील गाळणी आजही ‘राम-लाक’ नावाने ओळखली जाते. ती कडा ठळक करते. पण मापनात चूक असेल तर तीही ठळक करते.

शरीरात बसवलेला पेसमेकर त्याआधीच आला होता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये तो प्रथम माणसाच्या शरीरात बसवला गेला. पुढे सीटी यंत्र डोक्यावरून छातीपर्यंत पोहोचले, तेव्हा या दोन शोधांची गाठ पडली.

चूक कशी पसरते, हे वर्गात फळ्यावर दाखवता येईल. चार घरांचा चौकोन काढा. वरच्या ओळीत १ आणि ५०, खालच्या ओळीत ५० आणि १ लिहा. ५० म्हणजे धातू, १ म्हणजे मांस. प्रत्येक ओळीची आणि स्तंभाची बेरीज ५१, धातूच्या कर्णाची १००, दुसऱ्या कर्णाची २. आता समजा, यंत्राला ६० च्या पुढे मोजताच येत नाही. धातूच्या कर्णावर १०० ऐवजी ६० ची नोंद होईल. ओळी, स्तंभ आणि हा कर्ण यांवरून मुलांना आकडे शोधायला सांगा. धातूला ३० मिळतील, आणि शेजारच्या मांसाला १ ऐवजी २१! दुसऱ्या कर्णाची बेरीज ४२ येईल, मोजली होती २. चूक धातूच्या मापनात झाली, पण डाग शेजाऱ्यावर पडला.

प्रत्यक्षात असेच घडते. धातूतून फारच थोडे किरण पलीकडे पोहोचतात. शिवाय कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जातात. उरलेले जास्त भेदक असल्याने धातू आहे त्याहून विरळ भासतो. त्यात पेसमेकरची तार हृदयाबरोबर हलत असते.

१९८७ साली जर्मनीतील विली कालेंडर आणि सहकाऱ्यांनी एक उपाय मांडला. धातूतून गेलेली मापने काढून टाकायची आणि दोन्ही बाजूंच्या मापनांवरून मधली जागा भरायची. मात्र सरळ रेषेने भरलेल्या या जागेमुळे कधी नवेच पट्टे उमटत. २०१० साली यात सुधारणा झाली: हवा, मांस आणि हाड यांचे ढोबळ चित्र आधी तयार करून त्याच्या आधाराने जागा भरू लागले. दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांचाही आता उपयोग होतो. परंतु जेथे किरण पोहोचतच नाहीत, तेथे तोही अपुरा पडतो.

हा प्रश्न केवळ सुबक चित्राचा नाही. अनेक जुन्या पेसमेकरांच्या रुग्णांत एमआरआय टाळतात, म्हणून सीटीवर भिस्त असते. तारेचे टोक हृदयाच्या भिंतीतून बाहेर आले आहे का, उपकरणाभोवती जंतुसंसर्ग आहे का, हे डॉक्टरांना पाहायचे असते. पट्टा हा आजार वाटू शकतो. आणि पट्टे पुसताना खरा आजारही पुसला जाऊ शकतो. म्हणून जाणकार डॉक्टर मूळ आणि सुधारित अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहतात. मोजलेले कोणते आणि अंदाजाने भरलेले कोणते, हा भेद प्रयोगवही लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्याही अंगवळणी पडायला हवा.