नखाएवढा मायकल

खिशातला मोबाइल काढून ठेव. आपण जातोय तिथे त्याला रेंज नाही.

31 ऑक्टोबर 1996, गुरुवार. मंठ्याच्या बसस्थानकावर दुपारचं ऊन उतरतंय. कापसाची वेचणी चालू आहे, दिवाळी दहा दिवसांवर आली आहे आणि तुझं वय एकोणीस. खांद्यावर रेक्झिनची बॅग, तिच्यात फडक्यात बांधलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. फाटकाशी बसलेला म्हातारा विचारतो, "कुठं निघालास रं?"

"मंबईला."

"कामून?"

"कामाचंच बघायला."

बापालाही तू हेच सांगितलंयस, आणि ते अगदीच खोटं नाही. उद्या रात्री अंधेरीत मायकल जॅक्सन नाचणार आहे तो शिव उद्योग सेनेसाठी, आणि महाराष्ट्रातल्या बेरोजगार पोरांना काम मिळवून देणं हे त्या संघटनेचं जाहीर उद्दिष्ट आहे. मंठ्यात तुझ्याएवढा बेरोजगार शोधून सापडायचा नाही. म्हणजे एका परीनं कार्यक्रम तुझ्याच नावानं आहे. फक्त तिकीट तुलाच काढावं लागलं. कुर्ल्याच्या मावसभावानं ते काढून ठेवलंय. पैसे तू आडत्याकडून उचललेस, येणाऱ्या कापसावर. आकडा घरी सांगितला नाहीस, तो इथेही नको.

जालन्याची गाडी लागते. खिडकीची जागा रुमाल टाकून धरतोस. मायकलची नि तुझी ओळख कशी झाली, हे आठवायला जालन्यापर्यंत दोन तास आहेत. ती झाली उलट्या वाटेनं. आधी प्रभुदेवा आला, 'हमसे है मुकाबला'मधून, हाडं नसल्यासारखा. कोणीतरी म्हणालं, हा तर नुसता चेला, गुरू अमेरिकेत आहे. मग कॅसेटवरून भरून घेतलेली, तिच्यावरून पुन्हा भरून घेतलेली अशी एक कॅसेट हाती आली. तिच्यात गाण्याइतकीच खरखर होती. गणपतीत रेकॉर्ड डान्सला एका पोरानं एका हातात पांढरा मोजा घातला, आणि मंठ्याचा मायकल तोच ठरला. तू मात्र रात्री याच बसस्थानकाच्या शहाबादी फरशीवर, बूट काढून, पायमोज्यांवर मागे सरकायचा सराव केलास. सारवलेल्या अंगणात ते जमत नाही, पाय धरतो.

औरंगाबादहून रातराणी. कसारा घाटात झोप उघडते, पहाटे दादर येतं. स्टेशनवरच्या पेपरांत दोन दिवस तेच फोटो आहेत: 30 तारखेला विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून मायकलला ओवाळतेय, शेजारी राज ठाकरे. ओवाळून घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयाचा भाव आहे. तो बाळासाहेब ठाकऱ्यांच्या 'मातोश्री'वरही जाऊन आला. तिथे त्यानं बाथरूम वापरलं, ही गोष्ट पुढे अनेक वर्षं चवीनं सांगितली जाणार आहे.

संध्याकाळी अंधेरी पश्चिमेला उतरून चालत निघतोस. ज्याला सगळे अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स म्हणतात त्याचं नाव शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे, हे तुला फाटकावर कळतं. आत माणसं, माणसं आणि लांबवर एक मंच. माळेगावच्या जत्रेतली गर्दी तुला माहीत आहे, पण ती फिरती असते. ही गर्दी उभी आहे आणि एकाच दिशेला बघतेय.

अंधार होतो. पडद्यावर एक यान काळाच्या बोगद्यातून भरधाव सुटतं आणि धडाक्यासरशी ते खरंच मंचावर येऊन उभं राहतं. दार उघडतं. सोनेरी पोशाखातला एक माणूस बाहेर येतो आणि काहीच करत नाही. नुसता उभा राहतो. तुझ्या गावच्या ऑर्केस्ट्रात निवेदक दहा मिनिटं बोलून टाळ्या मागायचा. हा न हलता हजारो लोकांना ओरडायला लावतोय. मग पहिला ठोका पडतो.

इथे थोडा थांब, कारण यासाठीच तुला आणलंय. हा ठोका कानाआधी छातीला कळतो. पोळ्याला हलगीवाला अगदी अंगाशी येऊन वाजवतो तेव्हा बरगडीत काहीतरी हलतं, तसं. पण हलगीवाला हात लांब केला तर सापडतो. इथे वाजवणारा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तुझ्या शर्टाचं बटण थरथरतंय. खरखरीच्या कॅसेटमध्ये हे नव्हतंच. जे गाणं पाठ आहे असं वाटत होतं, त्याचा खालचा अर्धा भाग तू आज पहिल्यांदा ऐकतोयस.

'बीट इट'ला त्याची गिटारवादक जेनिफर बॅटन पुढे येते आणि गिटार अशी वाजवते की शेजारचा अनोळखी पोरगा तुझा दंड घट्ट धरतो. हा रॉक नव्हे, पॉप आहे, असं पुढे पुण्यातला एक रूमपार्टनर तुला ऐकवणार आहे. ऐकवू दे. त्या दौऱ्यातली बरीच गाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजावर चालायची, हेही कळेल. त्यानं शर्टाचं बटण काही थरथरायचं राहत नाही.

मध्येच तो एकटा येतो. हातात एक साधी सुटकेस. एसटीतून उतरलेला माणूस येतो तसा, सावकाश. ती ठेवतो, उघडतो. चकाकता शर्ट काढून अंगात घालतो, मग एक हातमोजा, मग काळी टोपी. तुला तुझी रेक्झिनची बॅग आठवते, आणि हसू येत नाही. 'बिली जीन'चा ठेका सुरू होतो. टाचा उंचावून पाहतोस तेव्हा तो अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. मागे सरकतो ते पाय तू शेवटी बाजूच्या मोठ्या पडद्यावरच पाहतोस. पुढे 'अर्थ साँग'ला मंचावर रणगाडा येतो, त्यातून सैनिक उतरतो, एक लहान मूल त्याला फूल देतं. तुझ्या आजूबाजूचे रडताहेत. तुला ते जरा जास्तच वाटतं. मलाही वाटलं होतं.

रविवारी सकाळी मंठा. म्हातारा तिथेच. "दिसला का?" तू अंगठा पुढे करतोस, नख दाखवतोस. "एवढा." तो विचारतो, "अन् काम?" तू बॅग उचलून शेताकडे निघतोस. वेचणीचं कामच पडलेलं असतं.

कापूस विकला तेव्हा आडत्यानं आपली रक्कम आधी वळती करून घेतली. संक्रांतीच्या आत तुझा हिशेब मिटला. त्या रात्रीच्या करमणूक कराचा मात्र मिटला नाही. तेव्हाच्या शिवसेना-भाजप युती सरकारनं दिलेल्या माफीला मुंबई ग्राहक पंचायतीनं आव्हान दिलं, उच्च न्यायालयानं 2011 मध्ये ती रद्द करून सरकारला नव्यानं निर्णय घ्यायला सांगितलं, आणि जानेवारी 2021 मध्ये मंत्रिमंडळानं सव्वातीन कोटींहून अधिक रुपयांचा तो कर पुन्हा माफ केला. मायकल जॅक्सन वारल्याला तेव्हा साडेअकरा वर्षं झाली होती.