वार्धक्य, स्मृती आणि खिशातला टेलिफोन



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून काही ऐकावे ही रीत तेव्हापासून महाराष्ट्रात रुजली. शाळा अर्धवट सोडून कामगारांच्या सभांतून शिकलेल्या माझ्यासारख्याला कोरेगावकरांनी या व्यासपीठावर उभे केले, हा आपला मोठेपणा. मी वैद्य नाही. तथापि म्हाताऱ्या कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्यात माझी तीस वर्षे गेली, आणि त्यांतूनच आजचा विषय मला सुचला.

मोबाइल फोनविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. एक म्हणते, या यंत्राने माणसाची स्मरणशक्ती बुडवली. दुसरे म्हणते, आईबापांना फोन घेऊन दिला की आपले कर्तव्य संपले. मला ही दोन्ही मते घाईची वाटतात. कोणत्याही यंत्राचा न्याय करावयाचा तर आधी त्याचा इतिहास पाहावा.

यंत्रावरचा हा आरोप नवा नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने एक कथा सांगितली. तीत अक्षरे शोधून काढणाऱ्या देवाला एक राजा बजावतो की, या लेखनाने लोक विसराळू होतील. म्हणजे आज आपण मोबाइलला जो दोष देतो, तोच एके काळी लिहिण्याला दिला गेला होता. लिहिण्याने पाठांतर कमी झाले हे खरेच. परंतु माणूस त्यामुळे मंद झाला असे कोणी म्हणणार नाही.

आता आपल्याच भागाकडे पाहू. साताऱ्याकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. मागे राहिलेल्या घराचा आणि त्यांचा सांधा पोस्टाने जोडला. १८८० साली पोस्टात मनीऑर्डर सुरू झाली, आणि पैशांबरोबर तिच्या कुपनावर दोन ओळींचा मजकूरही येऊ लागला. तो पोस्टमनने किंवा शाळकरी पोराने वाचून दाखवायचा आणि घरच्या बाईने एकदा ऐकून अक्षरशः ध्यानात ठेवायचा. माझी आजी घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता सहा महिन्यांपूर्वीचे पत्र जसेच्या तसे म्हणून दाखवी. पण त्या पाठांतराचे फार कौतुक करू नये. स्वतःच्या नवऱ्याचे पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे, आणि मनातले चार शब्द परत कळवायचे तर पुन्हा त्याच पोराची मनधरणी करावी लागे.

१९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम निघाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. प्रौढ माणसांना सुमारे चार महिन्यांत अक्षरओळख करून द्यावयाची, असा तिचा बेत होता. माझी आजी त्या वेळी चाळिशी उलटलेली. दिवसभर रानात राबून ती रात्री कंदिलापाशी पाटी घेऊन बसे. पुढे मरेपर्यंत ती पत्रे स्वतः वाचत होती. ज्या वयात आता काय शिकायचे असे लोक म्हणतात, त्या वयात हजारो माणसे शिकली. हा आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आहे, आणि आजच्या विषयाचे बीज मला त्यात दिसते.

मुंबईत टेलिफोन १८८२ साली आला, पण गरिबाच्या कानाला तो लागायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, देशी बनावटीची टेलिफोन केंद्रे खेडोपाडी पोचली, आणि नाक्यानाक्यावर एस.टी.डी.चे पिवळे फलक लागले. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये देशातले पहिले मोबाइल संभाषण झाले. २००३ सालापासून येणाऱ्या फोनचे पैसे पडेनासे झाले, आणि मग हे यंत्र शेतमजुराच्याही खिशात शिरले. पूर्वी मुंबईच्या दुकानाचा नंबर तोंडपाठ असे. आता पोटच्या मुलाचाही आठवत नाही. एवढ्यावरून म्हाताऱ्यांची बुद्धी ढासळते असे ठरते काय?

शास्त्राचे म्हणणे ऐका. आपल्या देशात २०१७-१८ साली वयस्कांची मोठी पाहणी झाली. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तिच्या अग्रभागी होती. त्या पाहणीच्या आधारे २०२३ साली अंदाज निघाला की, साठीपुढील शंभरांतल्या सातांहून अधिक माणसांना बुद्धिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो विकार आहे. एकूण आकडा सुमारे ८८ लाखांचा. पुरुषांपेक्षा बायकांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. २०२५ साली अमेरिकेतील टेक्सासच्या दोघा संशोधकांनी ५७ अभ्यास एकत्र तपासले; त्यांत चार लाखांहून अधिक माणसे होती. संगणक, मोबाइल, इंटरनेट वापरणाऱ्या पन्नाशीपुढील लोकांत बुद्धी क्षीण होण्याचे प्रमाण कमीच दिसले. अर्थात यंत्रामुळे बुद्धी टिकली की बुद्धी शाबूत असणारेच यंत्र वापरतात, हे त्यावरून पुरते ठरत नाही. पण यंत्राने म्हातारपणी बुद्धी जाते, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही एवढे नक्की.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचाखात्यात वीस वर्षांवर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते कोरेगावी परतले ते कायमचे. सत्तरीच्या सुमारास त्यांना आम्ही मोबाइल घेऊन दिला. ते भलतेच उत्तर देत, मध्येच फोन ठेवून देत. आम्ही म्हणालो, अण्णांना आता भ्रम झाला. फोन काढून घेतला, बँकेचे पुस्तक काढून घेतले, सगळे आम्हीच करू लागलो. अण्णा गप्प झाले. चार वर्षांनी एका डॉक्टरने कान तपासले, तेव्हा दोन्ही कान जवळजवळ गेलेले निघाले. साच्यांच्या खडखडाटाने ते तिथेच नेले होते. कानाला यंत्र लावल्यावर ते पुन्हा थोडे बोलू लागले. पण गप्प बसून गेलेली चार वर्षे काही परत आली नाहीत.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली बुद्धिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. अल्प शिक्षण, एकलेपण, अधू दृष्टी ही त्यांत आहेत आणि बहिरेपण हे त्यांतले एक वजनदार कारण आहे. मी आयुष्यभर मागणीपत्रे लिहिली. पगार लिहिला, बोनस लिहिला, रजा लिहिली. कामगाराचे कान मात्र एकाही मागणीपत्रात लिहिले नाहीत. हा माझा दोष आहे आणि तो मी आपल्यापुढे कबूल करतो.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. म्हाताऱ्याने फोनवर भलते उत्तर दिले तर बुद्धीला बोल लावण्याआधी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्या. फोन हाती द्याल तर शिकवूनही द्या. दहादा चुकेल, अकराव्यांदा जमेल. पैसे मागणाऱ्या लबाडांपासून त्याला सावध करा, पण त्या भीतीने त्याचा सगळा व्यवहार हिरावून घेऊ नका. आणि फोन दिला म्हणून जवळ बसणे सोडू नका. १९५९ साली ज्या जिल्ह्याने प्रौढांसाठी रात्री कंदील लावले, त्या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ आजी-आजोबांना फोन शिकवायला दिली, तर ती त्याच मोहिमेची पुढची पायरी होईल. आजी कंदिलापाशी शिकली. अण्णांना आम्ही शिकू दिले नाही. तुमच्या घरी तसे होऊ नये, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.