परवानगीचे राज्य: औरंगाबादेतील अभिव्यक्तीचा लढा

लोकशाहीतील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि कम्युनिस्ट राजवटीतील शासकीय नियंत्रण यांचा विरोध बहुधा अमेरिका आणि रशिया यांच्या संदर्भात मांडला जातो. परंतु आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, बोलण्या-लिहिण्याच्या हक्काचा प्रश्न शीतयुद्धाच्या कितीतरी आधी ऐरणीवर आला होता, आणि तो ऐरणीवर आणणाऱ्यांत मार्क्सवादाकडे झुकलेली माणसेही होती. त्यांच्यासमोर शत्रू होता तो हैदराबादचा निजाम. हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण 53’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकानुसार पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरवता येत नसे, आणि परवानगी देणे न देणे सर्वस्वी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर असल्यामुळे राजकीय सभा जवळजवळ अशक्य होऊन बसल्या होत्या. या व्यवस्थेत बोलून झाल्यावर शिक्षा होणे ही पुढची गोष्ट होती. बोलण्याआधीच सरकारची संमती मिळवावी लागणे हे तिचे खरे मर्म होते. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली, हे या मर्माशी सुसंगतच म्हणावे लागेल.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरील मनाई झुगारली आणि हा सत्याग्रह पाहता पाहता हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला. त्यामुळे काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. औरंगाबादेत शिक्षकी केलेले आणि मार्क्सवादाचा प्रभाव असलेले गोविंदभाई श्रॉफ याच काळात तरुणांचे मार्गदर्शक म्हणून पुढे आले. वृत्तपत्रांची कथा याहून बोलकी आहे. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्येच ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले, तेही संस्थानात नव्हे तर पुण्यात, कारण निजामाच्या हद्दीत असे पत्र छापून चालवणे शक्य नव्हते. लवकरच संस्थानात त्यावर प्रवेशबंदी आली, तेव्हा वाघमारे यांनी नाव बदलून पत्र काढले. नव्या नावावर बंदी आली की ते आणखी एखाद्या नावाने निघे. बंदीहुकूम एका ठरावीक नावाच्या पत्राविरुद्ध निघत असल्यामुळे शीर्षकाचा नवा ठोकळा बसवला की सरकारला हुकूमही नवा काढावा लागे. कायद्याच्या अक्षराने कायद्याचा हेतू हरवण्याचे इतके नामी उदाहरण विरळाच.

याच सुमारास सोव्हिएत रशियात ‘ग्लावलिट’ नावाचे खाते होते. 1922 मध्ये स्थापन झालेल्या या खात्याच्या मंजुरीशिवाय पुस्तक, वर्तमानपत्र वा नियतकालिक छापता येत नसे. निजामाचे राज्य सरंजामी होते आणि सोव्हिएत राज्य स्वतःला कामगारांचे म्हणवत होते, हा फरक लहान नव्हता. पण छापखान्याच्या दारात पाहिले तर दोन्हीकडे प्रश्न एकच होता, तो म्हणजे आधी परवानगी कोणाची. मराठवाड्यातील डाव्या तरुणांनी पहिल्या राज्याविरुद्ध जी निकड दाखवली, ती दुसऱ्याकडे पाहताना पुष्कळांना दाखवता आली नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली, पण तेलंगणातील सशस्त्र लढ्यामुळे हैदराबादेत कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली आणि 1952 च्या निवडणुकीत त्याला ‘पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट’ या नावाने उतरावे लागले. निवडून आलेल्या विधानसभेत मराठवाड्याचे कम्युनिस्ट नेते व्ही. डी. देशपांडे विरोधी पक्षनेते झाले. म्हणजे कालपर्यंत बंदी असलेल्या विचाराला लोकशाहीने सभागृहात सरकारला धारेवर धरण्याची जागा दिली. त्याआधी, मे 1950 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रोमेश थापर यांच्या खटल्यात मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकावरील मद्रास सरकारची प्रवेशबंदी रद्द केली होती. पुण्याचे पत्र संस्थानात येऊ न देणाऱ्या निजामी बंदीची आठवण यावी, असाच तो हुकूम होता. मात्र या निकालानंतर 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे नवे कारण संविधानात घातले, हेही विसरता येत नाही.

‘मराठवाडा’ स्वातंत्र्यानंतर औरंगाबादेत स्थिरावला, 1953 पासून मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते अनंत भालेराव त्याचे संपादक झाले आणि 1968 मध्ये तो दैनिक झाला. जून 1975 मध्ये आणीबाणी लागू होताच देशभरातील वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी, म्हणजे छापण्याआधी मजकूर सरकारी अधिकाऱ्याला दाखवण्याची सक्ती, लादली गेली आणि निजामाविरुद्ध लढलेल्या भालेरावांना स्वतंत्र भारतातही तुरुंगात जावे लागले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने या आणीबाणीला पाठिंबा दिला, तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने विरोध केला. एकाच विचारकुळातील दोन पक्षांनी एकाच सेन्सॉरबाबत विरुद्ध बाजू घ्याव्यात, यातूनच अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वाची पक्षीय जात ठरवणे किती अवघड आहे ते दिसते. 1978 च्या भटिंडा अधिवेशनात पहिल्या पक्षाने आपला पाठिंबा चुकल्याचे मान्य केले.

तेवढ्याने मुक्त वृत्तपत्राचा हिशेब पूर्ण होत नाही. 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केल्यावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि नामांतराला विरोध करणाऱ्यांत भालेराव आणि गोविंदभाईही होते. हा त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग आहे, आणि मुक्तिसंग्रामाच्या पुण्याईने तो पुसला जात नाही. मात्र त्यांना उत्तर देण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज उरली नव्हती: 1960 च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी याच शहरात सुरू केलेल्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित लेखकांना हक्काचे व्यासपीठ मिळवून दिले होते. विद्यापीठाचे नामांतर अखेर 14 जानेवारी 1994 रोजी झाले.