हार्थस्टोन (खेळ)

हार्थस्टोन हा टॅब्लेट, संगणक व मोबाइल फोन यांवर खेळला जाणारा, दोन खेळाडूंमधील द्वंद्वाचा अद्भुतरम्य पत्त्यांचा खेळ आहे. अमेरिकेतील ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कंपनीने तो तयार केला. ११ मार्च २०१४ रोजी तो संगणकांसाठी अधिकृतपणे प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच महिन्यात आयपॅडवर आला. अँड्रॉइड टॅब्लेटवर तो डिसेंबर २०१४ मध्ये व मोबाइल फोनवर एप्रिल २०१५ मध्ये उपलब्ध झाला. खेळ विनामूल्य सुरू करता येतो. मात्र पानांची पाकिटे पैसे देऊन विकत घेण्याची सोय त्यात आहे. संग्राह्य पत्त्यांच्या खेळांतील गुंतागुंत कमी करून तो प्रकार सामान्य खेळाडूपर्यंत पोहोचवणारा खेळ म्हणून हार्थस्टोन ओळखला जातो.

नाव व पार्श्वभूमी

'हार्थस्टोन' या इंग्रजी शब्दाचा अर्थ शेकोटीच्या तळाशी बसवलेला दगड असा होतो. ब्लिझार्डच्याच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात प्रवाशाला त्याच्या मुक्कामाच्या पथिकाश्रमात क्षणात परत नेणाऱ्या जादूच्या दगडाला हे नाव आहे. पत्त्यांच्या खेळातील पात्रे, राक्षस व मंत्र त्याच कल्पित जगातून घेतलेले असून सुरुवातीस खेळाच्या नावाला 'हीरोज ऑफ वॉरक्राफ्ट' अशी जोड होती.

संग्राह्य पत्त्यांच्या खेळांची आधुनिक परंपरा रिचर्ड गारफील्ड यांच्या 'मॅजिक: द गॅदरिंग' (१९९३) या छापील खेळापासून सुरू होते. वॉरक्राफ्टच्या जगावर आधारित छापील पत्त्यांचा खेळही २००६ ते २०१३ या काळात प्रचलित होता. त्यातील अनेक चित्रे हार्थस्टोनच्या पानांवर वापरण्यात आली.

निर्मिती

ब्लिझार्डमधील 'टीम फाइव्ह' या सुमारे पंधरा जणांच्या लहान गटाने हा खेळ घडवला. प्रारंभीच्या काळात गटातील बहुतेकांना कंपनीच्या दुसऱ्या एका खेळाच्या कामावर पाठवण्यात आले, तेव्हा एरिक डॉड्स व बेन ब्रोड या रचनाकारांनी कागदाची पाने कापून नियम पुन्हा पुन्हा पारखले. संगणकावरील मांडणी सुरू होण्यापूर्वीच खेळाचा गाभा अशा रीतीने पक्का झाला. मार्च २०१३ मध्ये खेळाची घोषणा झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याची चाचणी आवृत्ती सर्वांना खुली करण्यात आली.

खेळाचे स्वरूप

प्रत्येक खेळाडू एका नायकाच्या रूपाने खेळतो. नायकाचे ३० प्राणांक असतात व प्रतिस्पर्ध्याचे प्राणांक शून्यावर आणणारा जिंकतो. प्रारंभी मेज, वॉरियर, हंटर, प्रीस्ट, पॅलाडिन, रोग, शामन, वॉरलॉक व ड्रुइड असे नऊ वर्ग होते. २०२० मध्ये डीमन हंटर आणि २०२२ मध्ये डेथ नाइट यांची त्यांत भर पडली. प्रत्येक वर्गाला स्वतःची पाने व एक विशेष शक्ती असते. उदाहरणार्थ, मेज एका अंकाची इजा करतो, तर प्रीस्ट दोन प्राणांक भरून काढतो.

खेळाडू आपल्या संग्रहातून ३० पानांचा जोड तयार करतो. एकच पान दोनपेक्षा अधिक वेळा घेता येत नाही. 'लेजेंडरी' या दुर्मीळ प्रकारातील पान एकदाच घेता येते. पाने मुख्यतः तीन प्रकारची असतात: पटावर उभे राहून लढणारे अनुचर, एकदाच परिणाम करणारे मंत्र आणि नायकाच्या हाती येणारी शस्त्रे.

पान खेळण्यासाठी 'मॅना' नावाची जादूशक्ती खर्च करावी लागते. पहिल्या पाळीत एक, दुसऱ्या पाळीत दोन याप्रमाणे ती आपोआप वाढून दहापर्यंत पोहोचते. 'मॅजिक'मध्ये ही शक्ती देणारी भूमीची पाने जोडातच मिसळावी लागतात. ती वेळेवर हाती न आल्यास खेळाडूचा डाव अडतो. हार्थस्टोनमध्ये ही अडचण राहत नाही.

अनुचराच्या पानावर मॅनाची किंमत, माऱ्याचा आकडा व प्राणांक असे तीन आकडे असतात. 'चिलविंड येटी' या पानाची किंमत ४, मारा ४ व प्राणांक ५ आहे. त्याने मारा ३ व प्राणांक २ असलेल्या 'ब्लडफेन रॅप्टर'वर हल्ला केला, तर दोघे एकमेकांना एकाच वेळी इजा करतात. परिणामी रॅप्टर नाहीसा होतो आणि येटी दोन प्राणांकांसह उरतो. इजा झालेला अनुचर पुढील पाळीत आपोआप बरा होत नाही. त्यामुळे शत्रूच्या अनुचरांना आधी संपवावे की थेट नायकावर मारा करावा, हा निर्णय प्रत्येक पाळीत घ्यावा लागतो.

एका बाजूला पटावर जास्तीत जास्त सात अनुचर व हातात जास्तीत जास्त दहा पाने राहू शकतात. प्रथम खेळणाऱ्यास तीन व दुसऱ्यास चार पाने मिळतात. उशिरा खेळण्याची भरपाई म्हणून दुसऱ्याला एकदाच वापरता येणारे व एक मॅना देणारे 'नाणे'ही मिळते. जोडातील पाने संपल्यावर प्रत्येक नव्या ओढीला नायकास एक, दोन, तीन अशी चढती इजा होते. त्यामुळे डाव अमर्याद लांबत नाही.

टॅब्लेटला अनुकूल मांडणी

छापील खेळांत प्रतिस्पर्ध्याच्या पाळीतही मध्येच पान टाकून उत्तर देता येते. हार्थस्टोनमध्ये एकाची पाळी सुरू असताना दुसऱ्याला काहीही करता येत नाही. प्रत्युत्तरासाठी 'सिक्रेट' प्रकारची पाने आधीच पालथी मांडून ठेवावी लागतात व ठरावीक घटना घडताच ती आपोआप उघडतात. या एका बदलामुळे दर कृतीनंतर थांबण्याची गरज उरली नाही आणि दूर बसलेल्या दोघांचा डाव साधारण दहा-पंधरा मिनिटांत पुरा होऊ लागला. पाळीला ७५ सेकंदांची मर्यादा असून वेळ संपत आल्यावर पटावर जळती वात दिसते.

पट हा पथिकाश्रमातील लाकडी पेटीसारखा रंगवलेला आहे. बोटाने पान ओढून पटावर सोडणे व अनुचराकडून लक्ष्याकडे बाण ओढणे, एवढ्या दोन हालचालींवर खेळ चालतो. फोनच्या लहान पडद्यासाठी हातातील पाने कोपऱ्यात दुमडून ठेवण्यात आली. अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी मोकळा संवाद साधता येत नाही. अभिवादन, आभार अशी सहा ठरावीक वाक्येच उच्चारता येतात आणि तीही समोरच्याला बंद करता येतात.

दैव आणि कौशल्य

पाने पिसली जातात तेथे दैवाचा भाग येतोच. हार्थस्टोनने तो जाणूनबुजून वाढवला. 'आर्केन मिसाइल्स' हा मंत्र तीन अंकांची इजा शत्रूंमध्ये यादृच्छिकपणे वाटतो. 'यॉग-सॅरॉन' हे पान २०१६ मध्ये आले. खेळाडूने त्या डावात जितके मंत्र वापरले असतील तितके कोणतेही मंत्र ते कोणत्याही लक्ष्यावर टाकत असे. अशा पानांमुळे खेळ प्रेक्षणीय झाला. परंतु स्पर्धेचा निकाल एका फाशावर ठरतो, अशी टीकाही झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये यॉग-सॅरॉनचा प्रभाव कमी करण्यात आला.

पानांचा संग्रह व खर्च

नवी पाने पाच-पाच पानांच्या बंद पाकिटांतून मिळतात. पाकीट खेळातील १०० सुवर्णनाण्यांत किंवा पैसे देऊन घेता येते. पाकिटात किमान एक 'रेअर' पान असते. 'लेजेंडरी' पान मात्र सरासरीने वीस पाकिटांमागे एकदा निघते. नको असलेली पाने मोडून 'धूळ' मिळवता येते व त्या धुळीतून हवे ते पान घडवता येते. साधे पान मोडल्यास ५ व लेजेंडरी पान मोडल्यास ४०० एकक धूळ मिळते, तर लेजेंडरी पान घडवण्यास १,६०० एकक लागतात. म्हणजेच एका हव्या असलेल्या लेजेंडरी पानासाठी अशीच चार पाने किंवा ३२० साधी पाने मोडावी लागतात.

एप्रिल २०१६ पासून 'स्टँडर्ड' व 'वाइल्ड' असे दोन प्रकार करण्यात आले. स्टँडर्डमध्ये अलीकडच्या संचांतील पानेच चालतात, त्यामुळे जुनी पाने दरवर्षी त्यातून बाद होतात. खेळात तोल व नावीन्य राखण्यास हे उपयुक्त ठरले, तरी खर्चाचे चक्र त्यामुळे थांबत नाही, असा आक्षेप घेतला गेला. नवख्या खेळाडूंचा भार हलका करण्यासाठी २०२१ मध्ये २३५ पानांचा 'कोअर' संच सर्वांना विनामूल्य देण्यात आला.

छापील पत्ते खेळाडू विकू शकतो, कोणाला देऊ शकतो किंवा पेटीत जपून ठेवू शकतो. हार्थस्टोनमधील पाने खेळाडूंना एकमेकांना देता येत नाहीत आणि कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय खेळताही येत नाहीत. या अवलंबित्वाचा प्रत्यय चीनमध्ये आला. ब्लिझार्ड व तेथील वितरक कंपनी नेटईझ यांचा करार जानेवारी २०२३ मध्ये संपताच चिनी सर्व्हर बंद झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये खेळ परतेपर्यंत तेथील खेळाडूंना स्वतः पैसे मोजून घेतलेली पानेही त्या सर्व्हरवर वापरता आली नाहीत.

स्पर्धा

पहिली जागतिक स्पर्धा २०१४ मध्ये झाली. २०१९ मध्ये चीनच्या ली शियाओमेंग यांनी 'ग्रँडमास्टर्स' स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी जिंकली. ब्लिझकॉन संमेलनात असे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

२०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत हार्थस्टोनचा प्रदर्शनीय खेळ म्हणून समावेश होता. त्यात गुजरातमधील भूज येथील तीर्थ मेहता यांनी भारतासाठी कांस्यपदक मिळवले. प्रदर्शनीय खेळ असल्याने हे पदक अधिकृत पदकतालिकेत धरले गेले नाही. हांगचौ येथील पुढील आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमात हार्थस्टोनचा समावेश होता. परंतु चीनमधील सेवा बंद पडल्यानंतर तो वगळण्यात आला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या 'ब्लिट्झचंग' या खेळाडूने सामन्यानंतरच्या मुलाखतीत तेथील आंदोलनाच्या समर्थनार्थ घोषणा दिली. ब्लिझार्डने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घालून बक्षिसाची रक्कम रोखली. सर्वत्र तीव्र टीका झाल्यावर बक्षीस परत देण्यात आले व बंदी सहा महिन्यांवर आणण्यात आली.

प्रभाव

नोव्हेंबर २०१८ पर्यंत खेळातील नोंदणीकृत खेळाडूंची संख्या दहा कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये आठ खेळाडूंचा 'बॅटलग्राउंड्स' हा प्रकार जोडण्यात आला. त्यात पानांचा स्वतःचा संग्रह लागत नाही. बेन ब्रोड यांनी २०१८ मध्ये ब्लिझार्ड सोडले. त्यांच्या नव्या संस्थेचा 'मार्व्हल स्नॅप' (२०२२) हा खेळ १२ पानांचा जोड व साधारण सहा पाळ्या एवढ्यावर आटोपतो. हार्थस्टोनने आरंभलेली सुलभीकरणाची दिशा त्यात आणखी पुढे गेलेली दिसते.