दंतवैद्यकातील ‘सिमेंट’ : एका नावाचा इतिहास

लॅटिन भाषेत ‘केमेन्टुम्’ म्हणजे फोडलेल्या दगडाची खडी. तोडणे या अर्थाच्या ‘केडेरे’ या धातूपासून हा शब्द सिद्ध झाला. पुढे खडी मागे पडून ती बांधून ठेवणाऱ्या द्रव्यास तेच नाव लागले. अर्थसंक्रमणाची अशी उदाहरणे विरळ नाहीत. परंतु दंतवैद्यकात या नावाने द्रव्याच्या गुणाविषयीच एक गैरसमज पसरविला.

फ्रान्समध्ये सोरेल याने १८५५ साली जस्ताचे ऑक्साइड व जस्ताच्या क्लोराइडचा द्राव यांपासून सिमेंट केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लोराइडची जागा फॉस्फोरिक आम्लाने घेतली. हे मिश्रण काचेच्या थंड फळीवर भुकटी थोडथोडी घालीत कालवावे लागते; भुकटी एकदम घातल्यास उष्णता वाढून ते हाताखालीच घट्ट होते. दातावर सोन्याची टोपी बसविण्यास ते उत्तम ठरले. तथापि ते दातास चिकटत नाही! दोन्ही पृष्ठभागांवरील सूक्ष्म खाचांत शिरून ते कठीण होते आणि त्या अटकावाने टोपी टिकते. ती पाचर होय, डिंक नव्हे. म्हणूनच टोपीसाठी दात कोरताना त्याच्या बाजू जवळजवळ समांतर ठेवाव्या लागतात. या कामास इंग्रजीत ‘ल्यूटिंग’ असाही शब्द आहे; तो ‘लुटुम्’ म्हणजे चिखल यावरून आला. माझ्या मते तोच अधिक प्रामाणिक.

लवंगेच्या तेलातील युजेनॉल जस्ताच्या ऑक्साइडात कालवून होणारे सिमेंट ठणका शमविते, हे दाढदुखीवर लवंग धरणाऱ्यांस नवल वाटणार नाही. परंतु ते दुर्बल असल्याने बहुधा तात्पुरत्या भरणासच वापरतात.

नाव सार्थ झाले ते १९६८ साली. मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी फॉस्फोरिक आम्लाऐवजी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल योजिले. त्यातील कार्बॉक्सिल गट दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतात. यास्तव आपल्या परिभाषाकारांनी जुन्या व नव्या सिमेंटांना सरसकट ‘चिकटद्रव्य’ म्हणणे योग्य नव्हे.

१९७२ साली लंडनच्या सरकारी रसायनशाळेतील विल्सन व केंट यांनी याच जातीच्या आम्लाशी फ्लोराइडयुक्त काचेच्या भुकटीचा संयोग प्रसिद्ध केला. हे सिमेंट दातास चिकटते आणि फ्लोराइडही सोडीत राहते. आम्ल काचकणांचा केवळ बाह्य थर विरघळविते. त्यांचे गाभे न बदलता घट्ट झालेल्या लगद्यात रुतून राहतात. दगडाची खडी गेली, पण काचेची आली.